फुटलेल्या एका नळीसाठी अख्खा फिल्टर फेकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. गेल्या महिन्यात घरी जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये आणि ज्यांच्याकडे फिश टँक आहे अशा बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होईल असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल, फक्त पितळ आणि पाइप जोडायच्या सोल्युशनबद्दल जे लिहिलंय ते कृपया कापू नका, कारण तिथे चूक झाली की मासे मरतात.

आमच्याकडे साधारण २०० लिटरचा टँक आहे आणि त्याला खाली कपाटात ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा झाकणबंद डबा असतो, एका नळीने टँकमधलं पाणी त्यात उतरतं, आतल्या स्पंज आणि दगडांमधून गाळून निघतं आणि झाकणातला छोटा पंप ते दुसऱ्या नळीने परत वर चढवतो. वर पोचल्यावर ती नळी टँकच्या कडेवरून हुकासारखी वळून आत उतरते आणि तिच्या टोकाला एक आडवी, भोकाभोकांची दांडी असते, तिला स्प्रे बार म्हणतात. पाणी धारा धारा होऊन पृष्ठभागावर पडतं आणि वरचं पाणी सतत हलतं राहतं. बघायला छान वाटतं म्हणून ते हलवायचं नसतं, माशांना श्वास घ्यायला जो ऑक्सिजन लागतो तो हवेतून पाण्यात शिरतो तो या हलत्या पृष्ठभागातूनच, हे मला सुद्धा नळी फुटल्यावरच नीट कळलं.

फुटलं ते अगदी साधं. रविवारी सफाई करत होते, पंप बंद करून तो हुकासारखा वळलेला तुकडा कडेवरून उचलला आणि कट् असा आवाज होऊन तो माझ्या हातात दोन तुकड्यांत आला. वळणावर आधीपासून केसाएवढी चीर असावी, कारण तुटलेल्या कडेचा अर्धा भाग शेवाळाने हिरवा झालेला होता आणि अर्धा स्वच्छ, ताजा. बाकी फिल्टर ठणठणीत. मोटर चालू, इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं पातं) चांगला, झाकणाचं रबर चांगलं, फक्त वरची चार बोटांची नळी गेली. रात्री उशीर झाला होता, उद्या बघू म्हणून मी फिल्टर तसाच बंद ठेवून झोपले आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक.

सकाळी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, खाली एकही नाही, आणि शेपट्या खाली लोंबत्या. अशा वेळी काय करायचं ते पहिलं सांगते म्हणजे कुणावर वेळ आली तर हे तरी लक्षात राहील. एअर पंप असेल तर लगेच लावा, नसेल तर एखादा मग घेऊन टँकमधलंच पाणी वर उचलून वरून ओता, परत परत ओता, दहा पंधरा मिनिटं. मी तेच केलं आणि अर्ध्या तासात मासे खाली गेले. त्या दिवशी खाणं अजिबात टाकू नका. उन्हाळ्यात तर हे फारच लवकर होतं कारण पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशाला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशांना तो लागतो मात्र जास्त.

दुसरी गोष्ट, रात्रभर बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच चालू करू नका. मी झाकण उघडलं तर सडक्या अंड्यासारखा वास आला. आतल्या दगडांवर जे बॅक्टेरिया राहतात ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो, आणि बंद डब्यात साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो. मग दुसरेच बॅक्टेरिया वाढायला लागतात आणि विषारी वायू तयार होतो, पंप सुरू केला की ते सगळं थेट टँकमध्ये. म्हणून ते पाणी मोरीत ओतलं, दगड आणि स्पंज टँकच्याच पाण्यात हलके खंगाळले (नळाच्या पाण्यात नाही, त्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले बॅक्टेरियाही जातात) आणि नळीचं उघडं टोक सुतळीने टँकच्या कडेला बांधून फिल्टर चालू केला. चालला, पण एकच जाड धार सरळ खाली आपटायला लागली, तळाच्या वाळूत खड्डा पडला आणि छोटे मासे कोपऱ्यात दबून बसले. म्हणजे पाणी नुसतं परत येऊन भागत नाही, ते कसं येतं यावरही बरंच काही आहे.

आता दुरुस्ती. आधी जे सगळे करतात तेच केलं, झटपट चिकटणाऱ्या डिंकाने तुकडे जोडले. दोन दिवस टिकलं. असा डिंक सरळ ओढ चांगली सोसतो पण सतत थरथरणारी आणि वाकवणारी वस्तू त्याला सोसत नाही, कडक होऊन तडकतो, आणि पंपाला लागलेली नळी दिवसरात्र बारीक थरथरत असते. वरून एम-सील लावून बघितलं, तेही जुन्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर धरेना. काही प्लॅस्टिकं, म्हणजे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वगैरे, त्यांना कुठलाच साधा डिंक धड चिकटत नाही, तेव्हा वळणावर फुटलेला तुकडा चिकटवण्यात वेळ घालवू नये हे माझं स्पष्ट मत झालंय.

मग फिल्टर ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला. नाव लिहीत नाही, त्यांना नावं ठेवायला हे पत्र नाही. उत्तर मिळालं की तो तुकडा सुटा येत नाही, पूर्ण सेट येतो, आणि तुमचं मॉडेल बंद झाल्यामुळे सेटही येत नाही, नवीन फिल्टर घ्या. मी विचारलं, त्या नळीचं माप तरी सांगा, मी दुसरी काहीतरी बसवेन. माप सांगता येणार नाही म्हणाले. चालू मोटर, चांगला डबा, वर्षानुवर्षं त्यात वाढलेले बॅक्टेरिया, सगळं टाकून द्यायचं, कारण वळलेल्या प्लॅस्टिकच्या एका तुकड्याचं माप कुणी सांगत नाही. याचा मला खरंच राग आला आणि अजून आहे.

योगायोगाने त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ बदलायला प्लंबर आले होते. जाता जाता त्यांचं लक्ष सुतळीने बांधलेल्या नळीकडे गेलं, म्हणाले, "ताई, हे काय केलंय?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी नळीच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पिशवीतून गरम पाण्याच्या लाइनचा क्रीम रंगाचा एक कापलेला तुकडा काढला आणि नळीत ढकलला. गच्च बसला. "अर्धा इंची आहे बघा, कुठेही मिळेल." मी अक्षरशः बघतच राहिले. नंतर पट्टी घेऊन बसले तेव्हा कोडं सुटलं. कॅनिस्टरच्या नळ्यांची मापं आतून बाहेरून अशी देतात, माझी १६/२२ होती, म्हणजे आतून १६ मिलिमीटर, बाहेरून २२. आणि सीपीव्हीसीचा, म्हणजे त्या क्रीम रंगाच्या प्लॅस्टिकचा, अर्धा इंची पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटर असतो. नळीचं टोक दोन मिनिटं गरम पाण्यात धरून मऊ केलं की तो सरकन आत जातो आणि थंड झाल्यावर हलत नाही, वरून एक होज क्लॅम्प, म्हणजे नळीभोवतीची पट्टी, आवळायचा.

इथे एक खुलासा करते कारण मापांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. प्लंबिंगमध्ये अर्धा इंच म्हणजे मोजल्यावर अर्धा इंच भरेलच असं नाही, ते नाव आहे. नळाच्या अर्धा इंची आट्यांचं बाहेरचं माप जवळजवळ २१ मिलिमीटर असतं, पाऊण इंचीचं साडेसव्वीसच्या आसपास, आणि दोन्हीत एका इंचात १४ आटे असतात. तुमच्या पंपाच्या तोंडावर आटे असतील तर पट्टी लावून बाहेरचं माप घ्या आणि एका इंचात आटे मोजा, २१ आणि १४ आलं तर नळाला बसणारी कुठलीही अर्धा इंची फिटिंग त्यावर बसेल. या आट्यांचं मूळ १८४१ सालात आहे, जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरने तेव्हा मांडलं की प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडण्यापेक्षा सगळ्यांनी एकच कोन आणि एकच प्रमाण पाळावं, कोन ५५ अंशाचा. पाइपचे आटे पुढे त्याच धर्तीवर ठरले आणि आजही आपल्याकडे नळाला तेच आटे चालतात. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी नटबोल्टसाठी जे सुचलं ते आजच्या फिश टँकच्या नळ्यांसाठी का सुचू नये?

तर सामान आणलं. पाइप, तीन एल्बो (काटकोनात वळवणारे जोड), एक एंड कॅप (टोकाचं झाकण). बायकांनी हॅक्सॉ धरायला घाबरायचं काही कारण नाही, पाइप भाजी चिरावी तसा कापला जातो, फक्त काप सरळ हवा, त्यासाठी पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने कापायचं. कापल्यावर आतल्या कडेला जो कीस राहतो तो चाकूने किंवा कानशीने साफ करायचाच, नाहीतर तो सुटून वाहत जातो आणि स्प्रे बारच्या भोकात अडकतो.

स्प्रे बारची भोकं एका रेषेत पाडणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं, गोल पाइपवर सरळ रेघ ओढायची कशी, तर तेही प्लंबरनेच सांगितलं. पाइपवर कंपनीची जी अक्षरं छापलेली असतात ती बरोबर सरळ एका ओळीत असतात, त्या अक्षरांवरूनच भोकं पाडत जा म्हणाले. इतकं सोपं! दर अडीच सेंटीमीटरला खिळ्याने आधी छोटी खूण ठोकली म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही, आणि मग ४ मिलिमीटरचं बिट. भोकं किती हा हिशोब करून ठरवलं. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ साधारण नळीच्या आतल्या क्षेत्रफळाइतकं ठेवायचं. १६ मिलिमीटरच्या नळीचं होतं २०१ चौरस मिलिमीटर, ४ मिलिमीटरच्या एका भोकाचं साडेबारा, म्हणजे १६ भोकं. कमी पाडली तर पंपावर ताण येतो आणि धारा कारंज्यासारख्या उडतात, फार जास्त पाडली तर पहिल्या भोकांतूनच सगळं पाणी निघून जातं आणि टोकापर्यंत काही पोचत नाही.

सगळं बसवलं, चालू केलं, आणि धारा अगदीच लेच्यापेच्या. इथे बरेच जण हार मानतात आणि म्हणतात प्लंबिंगचं सामान टँकला चालत नाही. मी बादली घेतली. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, ३६००० ला त्या सेकंदांनी भागायचं, तासाला किती लिटर ते उत्तर. नुसत्या नळीने ४० सेकंद, म्हणजे तासाला ९०० लिटर. माझ्या नव्या पाइपातून ५५ सेकंद, म्हणजे साडेसहाशेच. पाव भागाहून जास्त पाणी गेलं कुठे? तर तो अर्धा इंची पाइप नळीत बसतो खरा, पण त्याची भिंत जाड, आतून तो जेमतेम साडेबारा मिलिमीटर. १६ वरून साडेबारावर आलं की पाण्याची वाट जवळजवळ ४० टक्के लहान होते, आणि घर्षण तर त्याहून कितीतरी पटीने वाढतं, पाणी तेवढंच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला तर घर्षण ३२ पट होतं असा पाण्याचा हिशोब आहे. त्यात एल्बो. ९० अंशाचा एक एल्बो म्हणजे त्याच्या व्यासाच्या साधारण ३० पट लांब सरळ पाइप जोडल्यासारखं, माझे तीन एल्बो म्हणजे मीटरभर जास्तीचा बारीक पाइप झाला.

मग सगळं काढलं आणि पाऊण इंचीमध्ये परत केलं. तो आतून साधारण १८ मिलिमीटर, म्हणजे नळीपेक्षाही मोठा. नळीत शिरायला फक्त बोटभर अर्धा इंची तुकडा, लगेच रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांचे पाइप जोडणारा तुकडा), आणि पुढे एल्बोसकट सगळं पाऊण इंची. अरुंद भाग आहे पण चार पाच सेंटीमीटरचाच. परत बादली लावली, ४४ सेकंद, तासाला ८१८ लिटर. एल्बो तेवढेच, आकार तोच, फक्त वाट मोठी केली. तेव्हा कुणाला हे करायचं असेल तर माझं सांगणं एवढंच की नळीत बसतोय ना हे बघून थांबू नका, आतून किती उरतंय ते बघा.

आता ते महत्त्वाचं. दुकानात फिटिंग मागितली की कित्येकदा आत पितळेचे आटे बसवलेली देतात, नळासाठी तीच चांगली, मजबूत असते. टँकला ती अजिबात नको. पितळेत तांबं असतं, ते हळूहळू पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायी यांना अगदी थोडं तांबंसुद्धा मारतं, माशांनाही ते चांगलं नाहीच. तसंच गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं, त्यावरचं जस्त. पाण्याला लागणारं सगळं प्लॅस्टिकचंच हवं आणि तेही पिण्याच्या पाण्यासाठीचं, वायरिंगचा किंवा सांडपाण्याचा पाइप दिसायला तसाच असला तरी घेऊ नका. क्लॅम्प टँकच्या बाहेर, नळीवरून असल्यामुळे स्टीलचा चालतो. सिलिकॉन लावायची वेळ आली तर बाथरूमचं नको, त्यात बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, ॲक्वेरियमसाठी म्हणून जे मिळतं तेच.

आणि सोल्युशन, म्हणजे पाइप जोडायचा तो उग्र वासाचा डिंक. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो, त्यातले द्रव ओले असताना माशांना विष आहेत, आणि आपल्यालाही त्याचा वास चांगला नाही, खिडकी उघडी ठेवूनच लावायचा. सीपीव्हीसीचा वेगळा आणि साध्या पीव्हीसीचा वेगळा येतो, डब्यावर बघून घ्या. लावल्यावर २४ तास वाळू द्यायचं, मग बादलीत साधं पाणी घेऊन दोन तीन तास फिरवायचं, ते पाणी फेकायचं, परत एकदा, आणि वास पूर्ण गेल्यावरच टँकला जोडायचं. मुळात सोल्युशन कमीत कमी लागेल असं बघा. हे मला उशिरा सुचलं पण फार उपयोगाचं आहे, की जे जोड टँकच्या आत पाण्यात आहेत ते गळले तरी पाणी टँकमध्येच पडतं, म्हणून तिथे नुसते दाबून बसवले तरी भागतं. माझ्याकडे बाहेरचे तीनच जोड चिकटवलेत, रिड्यूसरचे दोन आणि कडेवरच्या पहिल्या एल्बोचा नळीकडून चढणाऱ्या पाइपशी असलेला. आतला एल्बो, स्प्रे बार, एंड कॅप सगळं हाताने निघतं. महिन्यातून एकदा काढून बाटलीच्या ब्रशने आतून घासता येतं, जुना कंपनीचा बार तर एका बाजूने कायमचा बंद होता आणि आत काय साठलंय ते दिसायचंही नाही.

तिसरी काळजी पाण्याची. खाली कपाटातली नळी कधी निसटली तर टँकमधलं पाणी आपोआप वरून खाली ओढलं जातं, पंप बंद असला तरी, आणि नळीचं आतलं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. पाणी परत सोडणाऱ्या नळीतून होणारी ही ओढ तोडायला एक भोक पुरतं. टँकमध्ये पाणी सोडायला आत उतरणाऱ्या पाइपला, पाण्याच्या पातळीखाली साधारण दोन सेंटीमीटरवर, ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पातळी तिथपर्यंत उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. माझ्या टँकमध्ये दोन सेंटीमीटर म्हणजे साधारण ९ लिटर, फरशी ओली होईल पण मासे कोरडे पडणार नाहीत. त्या भोकात शेवाळ बसू देऊ नका, आठवड्याला टूथपिक फिरवायची. पण पाणी ओढणारी नळी निसटली, किंवा पंप चालू असताना वर पाणी सोडणारी नळी निसटली, तर हे भोक कामाचं नाही, पाणी ओढणाऱ्या जाळीपर्यंत उतरतच राहील, म्हणून पाणी ओढणारी जाळी तळाला टेकवू नका, काहीही झालं तरी माशांपुरतं पाणी उरेल इतकी वर ठेवा. वायरला सॉकेटच्या खालपर्यंत एक झोल सोडा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलातून खाली ठिबकतं. हात टँकमध्ये घालायच्या आधी प्लग काढायचाच, इथे आळस नको.

पाणी कमी करायला बॉल व्हॉल्व लावायचा असेल तर तो पंपाच्या पुढे, पाणी वर जाणाऱ्या बाजूला. ओढणाऱ्या बाजूला दाबलं तर पंप कोरडा पडल्यासारखा घरघरतो आणि इम्पेलर लवकर जातो. धारा कुठे वळवायच्या हे माशांवर आहे, साधारणपणे थोड्या वर, म्हणजे पृष्ठभाग थरथरता राहील, पण फायटर किंवा लांब पंखांचे गोल्डफिश असतील तर मागच्या काचेकडे वळवा, त्यांना जोराचा प्रवाह दमवतो. झाडांच्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर खळबळ जरा कमीच ठेवा, नाहीतर तो सगळा उडून जातो. आमचा बार आता पाऊण वळण फिरवता येतो कारण तो नुसता दाबून बसवलाय, हेही आधी शक्य नव्हतं.

टँकला जोडल्यावर पहिल्या रात्री सगळ्या बाहेरच्या जोडांखाली आपल्याच पेपरची पानं अंथरून ठेवली होती, एक थेंब पडला तरी कागदावर डाग उमटतो. सकाळी पानं कोरडी होती आणि मासे वरच्या धारांमध्ये पोहत होते.

आता माझं मागणं, ज्यासाठी खरं तर पेपरला लिहिलं. फिल्टर आणि पंप बनवणाऱ्यांनी प्रत्येक नळीवर, प्रत्येक वळणावर तिचं आतलं आणि बाहेरचं माप छापावं. साच्यात दोन आकडे कोरायला काय लागतं? अर्धा इंची किंवा पाऊण इंची आटे दिले तर त्याहून उत्तम, मग आपल्याकडे कुठेही कुणीही दुरुस्त करू शकेल. आणि विक्री बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग ठेवणं जमत नसेल तर निदान त्यांची मापं विचारणाऱ्याला सांगा, माप सांगून तुमचं काय नुकसान होतं? मोटर जळाली तर नवीन घेऊच, पण वाट मोडली म्हणून गाडी भंगारात घाला असं सांगू नका.

आणि आपल्यालाही विनंती, आपल्या पेपरात घरच्या वस्तू दुरुस्त करण्याबद्दल अशी माहिती येत राहू द्या. लिहिणारे पुष्कळ मिळतील, कारण प्रत्येक घरात कुणी ना कुणी असं काहीतरी जोडलेलं असतंच. मी माझी सगळी मापं एका कागदावर लिहून टँकच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवलीयेत, नळी १६/२२, मधला तुकडा अर्धा इंची, बाकी पाऊण इंची, भोकं १६, बिट ४ चं, म्हणजे पुढच्या वेळी मी घरी नसताना फुटलं तरी घरातला कुणीही दुकानात जाऊन नेमकं तेच आणू शकेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक